वर्गमुळाखालचा शेजार

माझ्या टेबलाच्या खणात सतरा पानांची एक प्रत आहे. कडांना कटिंग ऑइलचे डाग, समासात पेन्सिलीच्या खुणा, घडीवर विरलेला कागद. पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांचा 'द कपॅसिटी ऑफ वायरलेस नेटवर्क्स' हा तो निबंध. मार्च २००० मध्ये आयट्रिपलईच्या माहितीशास्त्राच्या नियतकालिकात तो छापून आला. दोघं तेव्हा अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. कुमार मूळचे आयआयटी मद्रासचे, १९७३ च्या तुकडीचे. बंदिशीचं, कवितेचं रसग्रहण आपल्याकडे नेहमी होतं, प्रमेयाचं फारसं होत नाही. पण हा निबंध मी ज्या गरजेनं उघडला ती गरज भागल्यावरही तो मिटवेना. असं मला आजवर फक्त कवितांच्या बाबतीत झालं होतं.

गरज अशी होती. चाकण एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये स्पिंडलच्या बेअरिंगांचं तापमान आणि कंपनं मोजायची होती. स्वस्तातले रेडिओ मॉड्यूल जोडून आम्हीच एक जाळं उभं केलं. वायर नाही, टॉवर नाही. प्रत्येक नोडनं शेजाऱ्याचं ऐकायचं, पुढच्या शेजाऱ्याला सांगायचं, आणि निरोप हातोहात गेटवेपर्यंत न्यायचा. अॅड हॉक नेटवर्क म्हणतात ते हेच: आधी आखलेलं नाही, जागेवर जुळलेलं. पंचवीस नोड होते तोवर सगळं सुरळीत चाललं. शंभर केले आणि आकडे उशिरा यायला लागले, काही यायचेच थांबले. शॉपवर सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, पॉवर वाढवा. पॉवर वाढवली, आणि जाळं आणखी बिघडलं.

मोठ्यानं बोललं की नीट ऐकू जातं, हा दोघांमधला अनुभव. शंभर जणांत तो उलटा का होतो, ते मला या सतरा पानांत सापडलं.

निबंधाची मांडणी किती कमी सामानावर उभी आहे, ते आधी पाहा. एक वर्तुळ घेतलंय, क्षेत्रफळ एक चौरस मीटर. त्यात एन इतके नोड. प्रत्येकाला कुणाशी तरी बोलायचंय आणि सगळ्यांमध्ये मिळून एकच हवा आहे, जिच्यातून सेकंदाला डब्ल्यू इतके बिट जाऊ शकतात. पहिल्या वाचनात तो चौरस मीटर मला खटकला. कारखाने एकरांत मोजणाऱ्याला एक चौरस मीटर म्हणजे फरशीचा तुकडा. तिसऱ्या-चौथ्या वाचनात कळलं की लेखकांनी जागा मुद्दाम गोठवली आहे, म्हणजे वाढायला फक्त एन उरतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्यानं हेच तर पाहिलंय. भोसरी, चिंचवड, आकुर्डी, मग मोशी, कुरुळी, चाकण. जमीन तेवढीच, तिच्यावरचा एन वाढत गेला. इथं राहणाऱ्याला 'एन अनंताकडे जातो' ही ओळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता तो नियम, ज्यावर सगळं तोललं आहे. एक नोड दुसऱ्याशी बोलतोय. ते ऐकू जाण्यासाठी अट अशी: त्याच क्षणी बोलणारा कुणीही तिसरा, ऐकणाऱ्यापासून निदान इतका दूर हवा, बोलणारा जेवढ्या अंतरावर आहे, त्याच्या एक अधिक डेल्टा पट. डेल्टा म्हणजे राखलेली मोकळीक. अट ऐकणाऱ्याच्या बाजूनं लिहिली आहे, हे मला सर्वांत आवडलं. बोलणारा किती जोरात बोलतो याला इथं मोल नाही. ऐकणाऱ्याभोवती किती शांतता आहे, याला आहे.

मोशीहून आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत ज्यांनी एखादा मुक्काम केलाय, त्यांना समाजआरती आठवत असेल. दिंड्या तळावर गोळा झालेल्या, शेकडो टाळ-मृदंग एकदम चाललेले. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती तेवढी टाळ वाजवत राहते. बाकीचा तळ गप्प असतो म्हणूनच ती ऐकू येते, आणि चोपदार तिच्याकडे जातात. हवा सगळ्यांची आहे, म्हणून एकाचं बोलणं म्हणजे बाकीच्यांनी दिलेली जागा. निबंधातली डेल्टाची अट मी वाचली तेव्हा मला तो तळच दिसला. फरक इतकाच की निबंधाच्या तळावर एका वेळी एकच दिंडी बोलत नाही. एकमेकांपासून पुरेशा दूर असलेल्या अनेक दिंड्यांनी एकाच वेळी बोलून घ्यायचं.

किती दिंड्यांनी? इथं निबंधाचं हृदय आहे, आणि ते शाळेतल्या भूमितीवर चालतं. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, एवढंच वापरायचं. दोन जोड्या एकाच वेळी बोलत असतील तर प्रत्येक जोडीसाठी डेल्टाची अट लिहायची, दोन्ही ओळींची बेरीज करायची, काही पदं आपोआप गळून पडतात. उरतं ते असं: प्रत्येक ऐकणाऱ्याभोवती, हॉपच्या, म्हणजे निरोपाच्या एका टप्प्याच्या, लांबीच्या निम्म्या डेल्टापट त्रिज्येचं वर्तुळ काढा, ही वर्तुळं एकमेकांवर चढू शकत नाहीत. म्हणजे हवेतलं बोलणं जमिनीवर क्षेत्रफळ व्यापतं. रेडिओ लहरीसारखी धरता न येणारी गोष्ट दोन ओळींत गुंठ्यांत मोजण्याजोगी झाली! हॉपची लांबी दुप्पट केली की व्यापलेलं क्षेत्र चौपट. आमची पॉवर वाढवण्याची चूक इथं उघडी पडली. पॉवर वाढवली, प्रत्येक नोडचं वर्तुळ पसरलं, आणि बोलण्याआधी कानोसा घेणारे आमचे रेडिओ एकमेकांच्या पाळीची वाट पाहत बसले.

लेखक क्षमता बिट-मीटरमध्ये मोजतात. एक बिट एक मीटर पुढे सरकला की एक बिट-मीटर. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या कुणालाही हे माप लगेच कळेल, कारण मालवाहतुकीचा हिशेब टन-किलोमीटरमध्येच होतो; ट्रक भरलेला असून चालत नाही, तो किती लांब गेला तेही पाहावं लागतं. या मापामुळे पुढचा हिशेब सरळ होतो. आखूड हॉप घेतले तर निरोपाला हॉप जास्त लागतात, हा तोटा हॉपच्या लांबीच्या पटीत. पण एकाच वेळी बोलू शकणाऱ्या जोड्या वाढतात, हा फायदा लांबीच्या वर्गाच्या पटीत. वर्ग जिंकतो. म्हणून जमेल तितकं जवळच्याशी बोला, आणि नोड सोयीनं मांडता आले तर प्रत्येकाच्या वाट्याला उरेल डब्ल्यू भागिले एनचं वर्गमूळ.

या वर्गमुळापाशी मी दर वेळी थांबतो. ते वर्गमूळ का, घनमूळ का नाही? कारण जमीन द्विमिती आहे. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गानं वाढतं, म्हणून लांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळानं. कारखान्याची फरशी सपाट आहे ही साधी गोष्ट त्या एका चिन्हात येऊन बसली आहे. पंचवीस नोडचे शंभर केले, म्हणजे चौपट, की प्रत्येकाचा वाटा फार तर निम्मा उरणार. हे उत्तम मांडणी, उत्तम वेळापत्रक आणि उत्तम मार्ग गृहीत धरून. मॉड्यूल बदला, सॉफ्टवेअर बदला, हा निम्मा काही चुकत नाही. मर्यादा कुणाच्या हलगर्जीपणाची नाही, जागेची आहे, हे कळल्यावर मला मोकळं वाटलं होतं. जाळं सुधारण्यासाठी केलेलं आठवड्याभराचं जागरण निव्वळ आमच्या हाताच्या चुकीमुळे नव्हतं.

निबंधाचा दुसरा भाग मला अधिक माणसाळलेला वाटतो. नोड सोयीनं मांडलेले नाहीत, जिथं पडले तिथं आहेत. (हा भाग लेखकांनी गोलाच्या पृष्ठभागावर मांडलाय, कारण गोलाला कडा नसते आणि कडेचा त्रास वेगळा काढता येतो.) आता वाटा आणखी घटतो. वर्गमुळाखाली एनच्या शेजारी एनचा लॉग येऊन बसतो. शंभराचे चारशे नोड केले तर नुसत्या वर्गमुळानं वाटा निम्मा राहिला असता. लॉगमुळे तो ४४ टक्क्यांच्या आसपास येतो. हा लॉग कुठून आला? कुणीतरी एकटं पडतं म्हणून आला. मूठभर दाणे फरशीवर टाका. बहुतेक दाणे घोळक्यात पडतील, पण एखादा दाणा सगळ्यांपासून दूर जाऊन पडेलच. नियम सगळ्यांना एक ठेवायचा असेल तर त्या एकट्याला पोचेल इतकी त्रिज्या प्रत्येकानं घ्यावी लागते. जाळ्याची विश्वासार्हता, म्हणजे कुणीही तुटलेला नसणं, इथं क्षमतेतून वजा होते, आणि वजाबाकीचा आकडा सर्वांत एकाकी नोड ठरवतो.

आमचा एकाकी नोड कंपाउंडच्या भिंतीला, ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर होता. सांडपाण्याचा पीएच मोजायचा. शॉपमधल्या शंभर जणांनी आवाज चढवला होता तो त्या एकासाठी.

सिद्धतेची कारागिरीही पाहण्यासारखी आहे. पृष्ठभागाचे तुकडे असे पाडले आहेत की तुकड्यातली प्रत्येक जागा त्याच तुकड्याच्या केंद्राला सर्वांत जवळची. आणि प्रत्येकात शंभर गुणिले एनचा लॉग भागिले एन एवढ्या क्षेत्रफळाची चकती मावते. तो शंभर पाहून मी खूश झालो. कमी चाललं असतं का, ते शोधायला लेखक थांबलेच नाहीत. सुतार चौकटीला सैल माप ठेवतो आणि खटका मात्र नेमका बसवतो, तसं हे. मग प्रत्येक तुकड्यात निदान एक नोड आहे हे दाखवायचं, निरोप सरळ रेषेवरच्या तुकड्यातुकड्यांतून न्यायचे, एका तुकड्यावरून किती रेषा जातात ते मोजायचं, आणि शेवटी नकाशा रंगवावा तसं तुकड्यांना रंग द्यायचे. एका रंगाचे सगळे एका वेळी बोलतील, मग दुसऱ्या रंगाचे. रंगांची संख्या एनवर अवलंबून नाही, ही त्यातली मेख. शाळेतल्या पोरांनी शिफ्टचं वेळापत्रक लावावं इतकं ते सोपं होऊन येतं.

या निबंधाचा शेजार वाचल्याशिवाय त्याचा रस पुरता उतरत नाही. बेल लॅब्जचे ई. एन. गिल्बर्ट यांनी १९६१ मध्येच विचारलं होतं की आखूड पल्ल्याची रेडिओ केंद्रं मैदानावर कशीही विखुरली तर निरोप अमर्याद दूर जाईल का. उत्तर उंबरठ्याचं आहे: सरासरी शेजारी साधारण साडेचारच्या खाली असतील तर जाळ्याची बेटं होतात, वर गेले की एकाएकी एक अखंड खंड तयार होतो. सगळे त्यात नसतात. पण खंड असतो. १९७८ मध्ये क्लाइनरॉक आणि सिल्व्हेस्टर यांनी सहा शेजाऱ्यांना जादूचा आकडा म्हटलं. २००४ मध्ये फेंग शुए आणि याच कुमारांनी दाखवलं की सगळेच्या सगळे जोडायचे तर असा कुठलाही ठरीव आकडा पुरत नाही, शेजारी एनच्या लॉगप्रमाणे वाढवावे लागतात. सहा मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे.

आणि २००७ मध्ये फ्रान्सेस्केत्ती, दूस, त्से आणि तिराँ या चौघांनी गिल्बर्टचा उंबरठा घेऊन गुप्ता-कुमारांच्या वर्गमुळाखालचा लॉग काढून टाकला. युक्ती ऐकून मी चाकणमध्येच असल्यासारखा हसलो. जाळ्यात महामार्ग असतात, ते म्हणतात. दाट भागांतून आखूड आखूड हॉपची सलग वाट आरपार जातेच. वाहतूक त्या वाटेवरून न्या. एकाकी नोडसाठी सगळ्यांनी त्रिज्या वाढवायची गरज नाही. त्यानं एकट्यानं एक लांब उडी मारून महामार्ग गाठावा. महाळुंगे, खराबवाडीकडचा माल तळेगाव रस्त्यानं येतो आणि तळेगाव चौकात पुणे–नाशिक महामार्गाला लागतो, तसंच.

पण त्या चौकानंच मला जाळ्याच्या रचनेतली दुसरी गोष्ट शिकवली. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिथं एक कंटेनर आडवा झाला की महाळुंग्यापासून कुरुळीपर्यंत सगळ्यांना कळतं. आलेखशास्त्रात अशा बिंदूला छेदबिंदू म्हणतात: तो काढला की जाळ्याचे दोन तुकडे. कार्ल मेंगर यांचं १९२७ चं प्रमेय सांगतं की दोन ठिकाणं तोडायला निदान किती बिंदू काढावे लागतील, तेवढेच एकमेकांना न छेदणारे मार्ग त्यांच्यामध्ये असतात. महामार्ग क्षमता देतो. भरवसा मात्र दुसरी वाट असण्यातून येतो. गुप्ता-कुमार क्षमतेचा विचार अखेरपर्यंत नेतात, भरवशाला फक्त 'जोडलेलं असणं' इतक्यावर सोडतात. एक नोड बंद पडला तर काय, हा प्रश्न त्यांच्या पानांत नाही.

आणखीही काही नाही, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दल ते सांगायला हवं. निबंधातलं वर्तुळ गोल आहे. आमच्या शॉपमध्ये एकही वर्तुळ गोल नाही. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खांब, मशीनचे ओतीव बेड. लहर आपटते, वळते, स्वतःवरच येऊन पडते. आमच्या ईओटी, म्हणजे छताखालून धावणाऱ्या, क्रेनवर काम करणारे काका एकदा केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, "साहेब, मी क्रेन तिसऱ्या बेला आणली की तुमचा एक आकडा जातो. मी वरून बघतो, स्क्रीनवर लाल होतं." आम्ही दोन आठवडे लॉग फायली चाळत होतो; काकांनी ते वरून पाहून सांगितलं. दुसरं, निबंधात कुणीही कुणाशीही बोलतो, आमच्याकडे सगळे एकाच गेटवेशी. सगळे एकाच दाराकडे निघाले की वाटा वर्गमुळानं नाही, सरळ एननं घटतो. आणि साखळी. जिन्यांग ली, रॉबर्ट मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नोड एका ओळीत लावून पाहिले. हिशेबानं ओळीतून मूळ वेगाचा एक चतुर्थांश निघायला हवा, कारण एकजण बोलताना पुढच्या दोघा-तिघांना गप्प राहावं लागतं; वाय-फायच्या नेहमीच्या शिस्तीत निघाला जेमतेम एक सप्तमांश. गुप्ता-कुमारांचं वेळापत्रक सर्वज्ञ आहे, खरे रेडिओ फक्त कानोसा घेतात. त्या दोहोंतलं अंतर म्हणजे हे चतुर्थांशापासून सप्तमांशापर्यंतचं.

या निबंधाला मिळालेल्या उत्तरांत माझं सर्वांत लाडकं ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांचं, २००१ चं. नोड हलते असू द्या, ते म्हणाले. निरोप जवळच्या कुणाला तरी द्या. तो फिरत फिरत मुक्कामाच्या माणसाजवळ गेला की त्याच्या हाती देईल. दोनच हॉप, आणि एन कितीही वाढला तरी प्रत्येकाचा वाटा घटत नाही. किंमत फक्त वेळेची. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात डाकनेटनं हे खरंच केलं होतं: बसवर वाय-फायचं यंत्र, गावात बस आली की तिथले अर्ज उचलायचे, शहरात पोचली की सोडायचे. आमच्या पट्ट्यात पाळीपाळीला किती कंपनी बस धावतात! रोजची बेअरिंगची नोंद अशा बसनं गेली तरी चालेल. पीएच मात्र बसची वाट पाहू शकत नाही.

गुप्ता आणि कुमार सुचवतात की लहान जाळी, किंवा मुख्यतः शेजाऱ्यांशीच बोलणारी जाळी, स्वीकारली जाण्याची शक्यता जास्त. सतरा पानांचं गणित करून ते शेजारापाशी येतात.

आम्ही पॉवर उतरवली, आधीपेक्षाही खाली. एका जाळ्याची दोन केली, गेटवे दोन. कारखान्यांतल्या वायरलेस जाळ्यांत वापरतात तो ठोकताळा घेतला, प्रत्येक नोडला निदान तीन शेजारी. जिथं दोनच भरत होते तिथं खांबावर रिपीटर बसवले, आणि ते खांब कुठले हे काकांना विचारून ठरवलं. ईटीपीच्या नोडला भिंतीवर पाइप उभा करून उंच अँटेना दिली, त्याच्या एकट्याच्या लांब उडीसाठी.

परवा तिसऱ्या पाळीत मी शॉपवर होतो. क्रेन तिसऱ्या बेमध्ये आली, कास्टिंग उचललं. स्क्रीनवर एक रेघ बंद झाली आणि तोच निरोप दुसऱ्या खांबावरून, एक फेरी उशिरानं आला. पीएच ७.२. काकांनी वरून हात दाखवला.